अधिवेशन संपल्यावर

एकतीस हिवाळे मी नागपुरात काढले,
नागपूर पाहिलं नाही.
एकशे साठ गाळ्यांतली लोखंडी खाट,
सभागृहाच्या मधोमध प्रतिवेदकांचं टेबल,
कानात सन्माननीय सदस्य, बोटांत पेन्सिल,
मान वर करायची सवय नाही.
थंडी तेवढी कळायची, पहाटे नळाखाली.

आता जानेवारी. बांबूचे कठडे निघालेत,
रस्त्याकडेला त्यांची भोकं राहिलीत.
पोलिसांचे तंबू गेले, मोर्चे गेले,
एका कडुनिंबाला कुठल्याशा संघटनेचं फडकं अडकलंय,
मागण्या दवाने पुसलेल्या.
राजधानी आपलं बिऱ्हाड उचलून मुंबईला परतली
आणि मी बायकोला घेऊन उलटा आलोय.
पास नाही, भत्ता नाही,
स्वेटर मात्र तोच, कोपरावर रफू केलेला.

"दाखवा तुमचं नागपूर," शशिकला म्हणाली.

अडचण अशी, की दर वर्षी घरी पोचल्यावर
मी तिला एक नागपूर सांगत आलो.
शिपायांच्या गप्पांतून उचललेलं,
थोडं ड्रायव्हर नगराळेकडून, बाकी पदरचं.
संत्रा बर्फीच्या डब्याबरोबर खपून जायचं.

झिरो माइलला ती घोडे मोजते.
"तुम्ही सहा म्हणाला होतात."
चार आहेत. कधीचे उधळलेत
आणि जागचे हललेले नाहीत.
खांबावर अंतरं कोरलेली:
चांदा, शिवनी, जबलपूर, बैतूल.
ती चष्मा पुसून सगळ्या बाजूंनी फिरून येते.
"यात मुंबई कुठाय?"
मुंबई नाही.
(हशा.)
देशाचा मध्य म्हणे इथे मानायचे.
ती तिथेच पिशवी टेकवते
आणि वाकून पायमोजे वर ओढते.

महाराजबागेत पांढरा मोर नाही.
मला न विचारता ती रखवालदारालाच गाठते.
"पांढरा? नाही जी माय, पांढरा कधीच नव्हता.
निळा आहे नं, त्याले पाहून घ्या."
मी शेवंतीच्या वाफ्यात काहीतरी शोधतो.
(व्यत्यय.)

तर्री-पोह्यांच्या गाडीवर तिला ठसका लागतो,
नाक लाल, डोळ्यांना धार,
तरी बशी पुढे करून आणखी तर्री मागते.
"हे कधी सांगितलं नाहीत?"
हे मी खाल्लं नव्हतं.
पित्ताची भीती,
दुसऱ्या दिवशी तारांकित प्रश्न असायचे.

फुटाळ्यावर ऊन कलतं.
पाण्यात बदकांसारखं काही पोहतंय,
नाव ठोकून द्यायचा मोह होतो, आवरतो.
माझं बोट मांडीवर चालूच:
भाजत्या कणसांचा धूर, स्कूटीवर तिघी,
एकीची ओढणी चाकाकडे चाललेली, कुणी तरी ओरडतं,
वारा, ज्याची खूण लघुलिपीत शिकवलेली नाही.
सगळं घेतोय मी, दहा मिनिटं होऊन गेली,
पाळी बदलायला कोणी येत नाही.

ती संत्रं सोलते.
साल स्वतःच्याच खिशात घालते, तळ्याकाठी घाण नको.
मी म्हणतो, खोटं सांगत होतो गं.
एकतीस वर्षं.

"माहितीये. तिसऱ्या वर्षीच कळलं.
तुमच्या नागपुरात तलाव दर हिवाळ्यात जागा बदलायचा."

मग बोलली का नाहीस?

ती बिया तळहातावर काढते, मोजल्यासारख्या.
फोड माझ्यापुढे धरते.
"बोलले असते तर थांबला असतात.
वर्षातल्या तेवढ्याच रात्री तुम्ही बोलायचात."

बोट थांबतं.
समोरच्या काठावर एकेक दिवा लागतो,
पाण्यात लागायला त्याला जरा उशीर होतो, किंवा मला तसं वाटतं.
तिची शाल अर्धी माझ्या गुडघ्यांवर येते.

"उद्या सेमिनरी हिल्स," ती म्हणते.
"तिथे तुम्ही हरणं पाहिली होतीत ना?"

पाहिली होती.

"किती?"

सात, मी म्हणतो. आणि एक पाडस.